नियम मांडणाऱ्याने बाहेर बसावे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीमीटर दुरुस्ती कार्यशाळेचे प्रमुख माननीय साहेब, व्यासपीठावर बसलेले मुख्य कार्यालयातले दोन्ही सन्माननीय पाहुणे, चौतीस वर्षांच्या सेवेनंतर आज निवृत्त होणारे आपले मुख्य तपासनीस, म्हणजेच आपल्या सर्वांचे कलमकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि त्यांची लेक, आणि भाषणं संपून जेवण कधी सुरू होणार या चिंतेत दाराकडे बघत बसलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी काकांच्या कामाबद्दल इतकं सांगितलं आहे की माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. काकांनी सव्वा लाख मीटर तपासले, ते सांगून झालं. काका मीटर कानाला लावून आतली चाकं कुठे अडतात ते ओळखतात, तेही सांगून झालं. मला विषय देताना साहेब म्हणाले, "तू त्या खेळाबद्दल बोल. पाच मिनिटं. आणि मुख्य कार्यालयाची माणसं समोर आहेत, तेव्हा आम्ही कामाच्या वेळेत खेळत होतो असं काही वाटू देऊ नकोस." साहेब, तुमच्या सूचनेप्रमाणे मी आधीच स्पष्ट करते. आम्ही फक्त जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. सुट्टी कधीकधी थोडी लांबायची, ती गोष्ट निराळी.

पाहुण्यांना खेळ माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. सहा कोपऱ्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे जोडून एक बेट मांडायचं. एका तुकड्यावर जंगल, एकावर शेत, एकावर कुरण, एकावर खाण. फासे टाकायचे, पडेल त्या आकड्याप्रमाणे मालाचं पान मिळतं. कुणाला लाकूड, कुणाला वीट, कुणाला धान्य, कुणाला लोकर. त्या मालातून रस्ते बांधायचे, वस्ती करायची, आणि आपल्याकडे नसेल ते दुसऱ्याकडून गोड बोलून अदलाबदलीत मिळवायचं. सात पडले की लुटारू येतो आणि नको त्याच्या शेतात ठाण मांडतो. दहा गुण आधी होतील तो जिंकला. एवढाच खेळ. चार रंगांची लाकडी घरं असतात, त्यामुळे खेळायला माणसं चार. हा चाराचा आकडा कृपया लक्षात ठेवा.

काकांची लेक शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा घरी खेळायला कुणी उरलं नाही. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला खऱ्या घरातला माल पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, पुठ्ठ्याचं घर तुमचं तुम्ही सांभाळा." बरोबर ना, काकू? मग काकांनी खेळाचा तो खोका इथे आणला. टेबलाभोवती चारजण जमले. काका, आपले फिटरदादा, कार्यालयातल्या लेखनिकताई आणि भांडारपाल. भांडारपालांना सगळे ओळखताच. जुना वॉशर परत दिल्याशिवाय नवा वॉशर देत नाहीत, आणि जुना दिला तर तो अजून चालेल म्हणून तोच परत देतात. या खेळातही त्यांच्या हातून विटेचं एक पान काढून घेणं म्हणजे दात काढण्यासारखं होतं.

अर्ध्या तासाच्या सुट्टीत असा डाव कसा संपणार? म्हणून सोमवारी मांडायचा आणि शुक्रवारपर्यंत पुरवायचा. रोज सुट्टी संपली की अख्खं बेट पाटीसकट उचलून कपाटावर ठेवायचं. चौघांपैकी कुणी रजेवर असेल तर त्या आठवड्यात डाव बंद.

आता मुख्य विषयाकडे येते. या खेळाच्या पुस्तिकेत शेवटी एक पान आहे. त्यात ऐच्छिक नियम दिले आहेत, म्हणजे तुम्हाला हवे तर घ्या, नको तर सोडा. काकांसारख्या माणसाच्या हातात असं पान पडणं किती धोक्याचं! ज्यांनी स्वतःच्या घरी फ्रिजवर 'दार दोन मिनिटांच्या वर उघडे ठेवू नये, कलम चार' असं लिहून चिकटवलंय, त्यांचं नाव आम्ही कलमकाका ठेवलं यात आमचं काय चुकलं? त्यांनी वही घातली. रकाने आखले. क्रमांक, दिनांक, नियम, कारण, मांडणारा, निर्णय.

पण वहीतला सगळ्यात पहिला नियम काकांमुळे आला नाही, फिटरदादांमुळे आला. दादांनी एका सोमवारी सुचवलं की ज्याची वस्ती बंदराला लागून आहे त्याला लोकर दुप्पट मोलाने बदलता यावी. सगळे हो म्हणाले. चार दिवसांनी दादा जिंकले, आणि तेव्हा लेखनिकताईंच्या लक्षात आलं की बंदराला लागून वस्ती एकट्या दादांचीच होती. काय तो गोंधळ! ताई आठवडाभर दादांशी बोलत नव्हत्या. मग सर्वानुमते ठरलं: नियम कुणीही मांडावा, पण मांडणाऱ्याने त्या डावात बाहेर बसावे. त्याने फासे उचलून द्यायचे, वादात निवाडा करायचा आणि गप्प राहायचं. शुक्रवारी खेळणाऱ्यांनी मत द्यायचं, नियम ठेवायचा की खोडायचा. तेवढा आठवडा तिघंच खेळायचे.

पहिल्या पाच वर्षांत वहीत नऊ नियम चढले. अगदी शहाणे, उपयोगाचे नियम. सलग तीन फेऱ्या ज्याला काहीच मिळालं नाही त्याने आपल्या आवडीचं एक पान घ्यावं. पहिल्या दोन फेऱ्यांत लुटारूने घरीच राहावं. दादांचे चार, ताईंचे तीन, काकांचे दोन. भांडारपालांचा एकही नाही. ते म्हणायचे, "नियम सुचवायचा म्हणजे खुर्ची सोडायची. मी कशाला सोडू?"

अडीच वर्षांपूर्वी मी इथे लागले. चाचणीच्या टेबलावर, काकांच्या हाताखाली. माझ्या कर्तबगारीचा किस्सा इथल्या भिंतींनाही पाठ आहे, पण पाहुण्यांनी ऐकलेला नाही, म्हणून माझा मीच सांगते. मीटरवर एक बाण असतो, पाणी कुठून कुठे वाहणार ते दाखवणारा. मी पहिल्याच आठवड्यात चाळीस मीटर बाणाच्या उलट जोडले. आकडे मागे जाऊ लागले. कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मी मात्र मागे जाणारे आकडे सुवाच्य अक्षरात लिहून काढले आणि खाली सही केली.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याशी जपून बोलायला लागले. मी या गावात नवी होते, भाड्याची एक खोली, ओळखीचं कुणी नाही. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून डबा खायची, आणि खालून या चौघांचं भांडण ऐकू यायचं. "लोकर घे, लोकर घे." "तुझी लोकर तुझ्या डोक्यावर घाल." एकदा फिटरदादांनी हाक मारली, "ये गं, माझ्या जागी बस थोडा वेळ." मी म्हटलं, "नको, मला येत नाही." दुसऱ्या दिवशी ताईंनी बोलावलं. तेव्हाही मी नकोच म्हटलं. नवव्या दिवशी, सोमवार होता, मी राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत ठेवला होता. सुट्टीनंतर साहेबांना देणार होते. साहेब, ही गोष्ट तुम्हाला आज पहिल्यांदाच कळते आहे.

त्या दिवशी काका जिन्याखाली येऊन उभे राहिले आणि कामावरच्या आवाजात म्हणाले, "खाली या. एक नियम तपासायचा आहे. मी मांडला म्हणून मला बसता येत नाही, आणि तिघांत तो नीट तपासला जाणार नाही. चौथं माणूस लागतं. बसा तिथे." मी म्हटलं, "पण मला येत नाही." ते म्हणाले, "येत नाही असंच माणूस हवंय. येणाऱ्यांवर चाचणी करून काय उपयोग?"

आता वरिष्ठ चाचणी सांगतात म्हटल्यावर करते काय? बसले. आठवडाभर खेळले, सपाटून हरले, आणि शुक्रवारी भांडारपाल मला म्हणाले, "मीटरसारखे रस्तेही उलटेच बांधतेस." सगळे हसले, मीही हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले. तो राजीनामा पिशवीतच राहिला आणि एके दिवशी त्यावर आमटी सांडली.

पुढच्या सोमवारी काकांनी दुसरा नियम आणला. म्हणजे पुन्हा मी आत. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरा. आणि मग हे थांबेचना! तुम्ही सगळ्यांनी जेवता जेवता ते ऐकलेलं आहे. सौदा उभं राहून करावा, हा नियम. दादांच्या गुडघ्यांनी तो दुसऱ्याच दिवशी पाडला. फासे डाव्या हाताने टाकावेत. ज्याचा रस्ता सर्वांत लांब त्याने टेबल पुसावे. सौदा नाकारणाऱ्याने कारण द्यावे, यावर भांडारपालांनी विचारलं होतं, "समोरच्याचं तोंड आवडत नाही, हे कारण चालेल का?" काकांनी शांतपणे निवाडा दिला, "चालेल, पण एका डावात एकदाच."

आम्ही काकांची किती टर उडवली! आम्हाला वाटायचं, निवृत्ती जवळ आली की काहींना बागकामाचं वेड लागतं, यांना नियमांचं लागलं. मी तर सगळ्यात पुढे. जरा खेळता यायला लागल्यावर माझी जीभ सैल सुटली. मी तोंडावर म्हणायची, "काका, बाहेर बसून निवाडे देणं सोपं असतं. एकदा आत येऊन हरून दाखवा." काका चष्मा पुसत म्हणायचे, "आधी हा नियम तर तपासून होऊ दे."

गेल्या आठवड्यात मी भाषणासाठी ती वही घरी नेली. विचार केला, पाचसात विनोदी नियम वाचून दाखवेन, लोक हसतील, मी खाली बसेन. वाचता वाचता शेवटच्या पानांवर आले. आता वहीत जसं लिहिलंय तसं वाचते. नियम एकशे अठरा: सर्वांनी नीट बसावे. नियम एकशे एकोणीस: मागील नियमाप्रमाणे. नियम एकशे वीस: खेळताना खिडकी उघडी ठेवावी. नियम एकशे एकवीस: खिडकी बंद ठेवावी.

हसा, हसा. मीही हसले होते. मग थांबले. म्हटलं, ज्या माणसाला नियमांचं वेड आहे तो असले नियम लिहील का? हे वेड्याचे नियम नाहीत, हे संपत आलेल्या माणसाचे नियम आहेत. ज्याला सुचत काही नाही, पण सोमवारी काहीतरी मांडायलाच हवं. का बरं मांडायला हवं? मी तारखा लावत बसले. मी आल्यापासून आम्ही एकशे बारा डाव खेळलो. आणि वहीत त्यानंतरचे नियम एकशे बारा. सगळे काकांचे. एकही सोमवार चुकलेला नाही.

मंडळी, मीटरच्या काचेआड एक थेंब गळत असेल तर आम्ही तो हेरतो. तेच आम्ही चारजण रोज अर्धा तास एका टेबलाशी बसलो, आणि एक माणूस अडीच वर्षं बाहेर बसलाय हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. लोकर मोजत होतो!

मी लगोलग फिटरदादांना गाठलं. विचारलं, "काका आधी कसे खेळायचे हो?" दादा म्हणाले, "अगं, ते बसले की आम्ही तिघं दुसऱ्या नंबरासाठी खेळायचो. सोमवारच्या डावाची मांडणी ते रविवारी घरी मनात करून यायचे. त्यांच्याइतका या खेळात जीव कुणाचाच नव्हता." आणि त्या माणसाला मी हरून दाखवा म्हणत होते. काका, ते आठवलं की मला अजून लाज वाटते.

परवा मी काकांना विचारायला गेले. म्हटलं, पाळी का नाही लावलीत? ते म्हणाले, "पाळी लावली असती तर पहिल्याच आठवड्यात तू आपली पाळी सोडून पुन्हा जिन्यावर जाऊन बसली असतीस." मी म्हटलं, ते सुरुवातीला. नंतर तर मी चांगली रुळले होते ना? तेव्हा काका म्हणाले, "नंतर तू जिंकायला लागलीस. तुला उठवायचं कसं?"

अध्यक्षमहाराज, पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली, मला कल्पना आहे. एकच गोष्ट राहिली आहे आणि ती मागितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

उद्या सकाळच्या गाडीने काका आणि काकू लेकीच्या गावी राहायला जात आहेत. सोमवारपासून टेबलाला चार खुर्च्या आणि आम्ही माणसंही चारच. कुणाला बाहेर बसायला नको, नियम मांडायला नको, सगळं कसं अगदी बरोबर जमलं आहे, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. या अडीच वर्षांत मी दादांना हरवलं, ताईंना हरवलं, भांडारपालांना तर त्यांच्याच विटांनी हरवलं. ज्यांनी मला खेळायला बसवलं, त्यांच्यासमोर मी एकदाही बसलेले नाही. काका, मला तुमच्याशी एक डाव खेळायचा आहे. आजच. आज दुपारनंतर चाचणीचं टेबल बंद आहे, हे साहेबांनीच जाहीर केलंय.

अडचण दुहेरी आहे. अख्खा डाव एका दुपारी होत नाही. त्याला छोटा करायचा तर नवा नियम लागतो, दहाऐवजी पाच गुणांचा. तो मी मांडला तर मी बाहेर. काकांनी मांडला तर काका बाहेर. आणि खुर्च्या चार, माणसं पाच. फिटरदादा किंवा लेखनिकताई, तुमच्यापैकी कुणी जर...

काय? कोण उभं राहिलं? मागे जरा वाट द्या. भांडारपाल, तुम्ही?

मंडळी, मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. भांडारपाल म्हणतायत, "वही काढ आणि लिही. आजचा डाव पाच गुणांचा. मांडणारा, मी."

भांडारपाल, साडेसात वर्षांत तुमचं नाव या रकान्यात पहिल्यांदाच येतंय. थांबा, लिहिते. नियम एकशे बावीस. कारण काय लिहू?

"कारणाचा रकाना मोकळा ठेव," म्हणतायत. ठेवते.

आणि व्यासपीठावरूनही काहीतरी आवाज येतोय. काका म्हणतायत, "पांढरी घरं माझी होती, ती परत हवीत." घ्या काका. अडीच वर्षं मी ती वापरली, मला कुणी सांगितलंच नाही ती तुमची आहेत म्हणून. मी भांडारपालांची लाल घेते. भांडारपाल, असं बघू नका, संध्याकाळी मोजून परत देईन.

अध्यक्षमहाराज, सत्कारमूर्ती व्यासपीठ सोडून खाली यायला निघाले आहेत. हे कार्यक्रमपत्रिकेत नाही, पण तुम्ही हसताय, त्याअर्थी परवानगी आहे असं समजते. मला बोलायची संधी दिलीत, वेळ जास्त घेतला तरी घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. पाहुण्यांचे आणि इतका वेळ भूक दाबून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाची थट्टा हद्दीबाहेर गेली असेल, मानापानात माझ्याकडून काही राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने ते मनाआड करा.

काका, सावकाश उतरा. शेवटची पायरी उंच आहे. मी टेबल मांडते.